१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : एवढी मोठी संख्या फोडायला सुरुवात कुठून करायची?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नववीतल्या मुलाला क्लासमध्ये ही वीस अंकी संख्या दिलीय आणि सांगितलंय की हिचे जेवढे गणिती गुणधर्म सापडतील तेवढे लिहून आण. मुलाने ३ ने आणि ५ ने भाग जातो इथपर्यंत काढलं, मग ७, ११, १३ करत बसला आणि तिथेच अडकला. मोबाईलचा कॅल्क्युलेटर पूर्ण संख्या दाखवतच नाही, एक्सेलमध्ये टाकली की शेवटचे पाच अंक शून्य होतात, आणि कोणीतरी जावास्क्रिप्टमध्ये दोन ओळींचा प्रोग्राम लिहून दिला तर तो म्हणतो की ही संख्या सम आहे! आईचा प्रश्न आहे की असल्या संख्येबाबत प्राइम आहे का, अवयव कोणते, हे हाताने होण्यासारखं आहे का, की कॉम्प्युटरशिवाय इलाज नाही.

हाताने होतं. पूर्ण होतं, एका संध्याकाळी होतं, आणि नववीचं गणित जवळजवळ पुरतं. पण हे "ह्या" संख्येबद्दल आहे, कुठल्याही वीस अंकी संख्येबद्दल नाही. मी बरीच वर्षं ऑलिम्पियाडच्या मुलांना अंकगणित शिकवतोय, त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये होतो, त्यामुळे ही संख्या मला दोन्हीकडून ओळखीची आहे. मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगतो की मोठी संख्या समोर आली की लगेच भागाकार सुरू करू नका, ती बनली कशी आहे ते आधी शोधा. अंकांकडे बघत बसलं की वीस अंक म्हणजे डोंगर वाटतो, घडण सापडली की तीच संख्या वहीच्या एका पानात मावते.

आधी मशीनचा घोळ मिटवू, कारण मुलाचा स्वतःच्या भागाकारावरचा विश्वास त्यामुळेच उडालाय असं दिसतंय. एक्सेल फक्त पहिले १५ अंक सांभाळतं, पुढचे शून्य करतं, म्हणून तिथे १८४४६७४४०७३७०९५००००० दिसतं. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच्या पूर्ण संख्या बिनचूक धरतो, त्यापुढे तो जवळच्या धरता येण्यासारख्या संख्येवर जातो. तुमची संख्या त्याने एकने वाढवून घेतली, म्हणजे शेवटी ५ च्या जागी ६ धरला, आणि मग "२ ने भाग जातो" आणि "३ ने बाकी १ उरते" अशी दोन्ही उत्तरं दिली. ती त्या शेजारच्या संख्येसाठी बरोबर आहेत, तुमच्या नाही. पायथन वापरा, त्यात पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही. मुलाने हाताने काढलेलं बरोबरच आहे. ७, ११, १३ ने भागल्यावर त्याला अनुक्रमे १, ४, २ बाकी आली असेल, वही उघडून ताडून बघा.

आता "गुणधर्म" म्हणजे काय हे ठरवायला लागेल कारण त्यावर उत्तर अवलंबून आहे. काही गुणधर्म संख्येच्या लिहिण्याचे असतात, दहाच्या पायात लिहिली म्हणून दिसणारे. अंकांची बेरीज इथे ८७ येते, म्हणून ३ ने भाग जातो पण ९ ने नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटलं, म्हणजे ज्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जातात, त्यात ही बसते का? ८७ म्हणजे ३ गुणिले २९, आणि २९ ने हिला भाग जात नाही, तेव्हा ही हर्षद नाही. हे वहीत जरूर लिहावं, कापरेकरांनी अशा निरीक्षणांतून ६१७४ सारखं रत्न काढलं. पण दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म, म्हणजे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, हे कुठल्याही पायात लिहा, तेच राहतात. बहुतेक तुमच्या सरांना तेच हवे असणार.

तर घडण कशी शोधायची. माझी सवय अशी की मोठी संख्या दिसली की एक मिळवून बघायचं आणि एक वजा करून बघायचं. इथे एक मिळवला की १८४४६७४४०७३७०९५५१६१६ येतं. ज्यांनी सॉफ्टवेअरमध्ये काम केलंय ते लगेच ओळखतील, हा २ चा ६४ वा घात आहे, आणि त्यातून एक वजा केलेली संख्या म्हणजे ६४ बिटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या, बायनरीत लिहिली तर ओळीने ६४ वेळा १. मायएसक्यूएल ह्या डेटाबेसमध्ये अनसाइन्ड बिगइंटची (उणे नसलेल्या मोठ्या पूर्ण संख्येच्या प्रकाराची) कमाल मर्यादा हीच. ज्यांना ओळखता येत नाही त्यांनी दुप्पट करत जायचं: १०२४ हा दहावा घात, ६५५३६ हा सोळावा, त्याचा वर्ग ४२९४९६७२९६ हा बत्तिसावा, आणि त्याचा वर्ग केला की आपली "एक मिळवलेली" संख्या. मी मुलांकडून हे तीन घात पाठ करून घेतो, पाढ्यांसारखे.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट मुलाला माहीत असेलच, पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट. सगळ्या ६४ घरांची बेरीज म्हणजे हीच संख्या. एक दाणा ४० मिलिग्रॅमचा धरला तर सुमारे ७४ कोटी टन गहू होतो, म्हणजे आज सगळं जग वर्षाला जेवढा पिकवतं साधारण त्याच्या जवळपास. आपल्याकडच्या जुन्या नावांत वाचायची असेल तर भास्कराचार्यांनी लीलावतीत नावं परार्धापर्यंत दिलीत, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्य, आणि आपली संख्या १८४ परार्धांच्या वर जाते.

आता फोडूया. आठवीचं सूत्र: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). आपली संख्या २^६४ − १, म्हणजे (२^३२)² − १², म्हणून (२^३२ + १)(२^३२ − १). दुसरा कंस परत तसाच, तो (२^१६ + १)(२^१६ − १). परत तेच, परत तेच, शेवटी २ − १ म्हणजे १ उरतो. पायरी पायरीने उतरत आलो की मिळतं:

४२९४९६७२९७ × ६५५३७ × २५७ × १७ × ५ × ३

इथे थांबून मुलाला हे कंस नीट बघायला सांगा. ३, ५, १७, २५७, ६५५३७, हे सगळे मूळ आहेत, आणि १६४० च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ फर्माने पत्रांतून असा अंदाज कळवला होता की ह्या साच्यातल्या (२ चा घात अधिक १, घातांक १ पासून दर वेळी दुप्पट) सगळ्याच संख्या मूळ असणार. पुढचीच ४२९४९६७२९७. ती मूळ आहे का हे त्याला तपासता आलं नाही, १७३२ मध्ये ऑयलरने ती फोडली, तिला ६४१ ने भाग जातो. आता प्रश्न असा की ६४१ सापडला कसा? ३ पासून सगळ्या मूळ संख्या एकेक करून लावल्या तर ६४१ पर्यंत शंभराहून जास्त भागाकार होतात, आणि मुलं तिथेच वही मिटतात.

ऑयलरने तसं केलं नाही. २ च्या घातांना कुठल्याही विषम मूळ संख्येने भागत गेलात तर बाक्या चक्रात फिरतात. ७ घ्या: २, ४, १, २, ४, १, चक्राची लांबी ३. २^६४ − १ ला ७ ने भाग जायचा तर ६४ व्या घाताला बाकी १ यायला हवी, म्हणजे ६४ ला ३ ने भाग जायला हवा, तो जात नाही, विषय संपला. ११ चं चक्र १० लांबीचं, १३ चं १२ लांबीचं, दोघंही त्याच कारणाने बाद. वीस अंकी भागाकार करायचीच गरज नव्हती! (मुलाने केले ते वाया गेले असं अजिबात नाही, आता त्याला हे कारण जास्त नीट कळेल.)

हेच २^३२ + १ ला लावा. एखादी मूळ संख्या हिला भागत असेल तर तिच्या चक्रात ३२ व्या घाताला बाकी "उणे १" येते, म्हणजे चक्र ३२ वर पूर्ण होत नाही, ६४ वर होतं, म्हणून लांबी नेमकी ६४. आणि फर्माचंच दुसरं प्रमेय सांगतं की चक्राची लांबी नेहमी "मूळ संख्या वजा १" ला भागते. म्हणजे शोधायची मूळ संख्या ६४ च्या पटीत एक मिळवलेली असायला हवी. पुढे लुकास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हे आणखी घट्ट केलं, ६४ नाही, १२८ च्या पटीत एक मिळवलेली. (हाच तो लुकास, हनोईच्या मनोऱ्यांचं कोडं त्याचं, १८८३ चं. ६४ चकत्या हलवायला किमान किती चाली लागतात? आपलीच संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर ५८ हजार कोटी वर्षांच्या वर.)

आता १२८ चा पाढा घ्या आणि एक एक मिळवा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. ह्यात १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. २५७ आहे, पण तो ह्याच साच्यातला आधीचा अवयव आहे आणि ह्या साच्यातल्या कुठल्याही दोन संख्या आपसात सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) असतात, म्हणून तो बाद. उरला ६४१. पहिलाच खराखुरा उमेदवार आणि भाग जातो, ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. शंभराहून जास्त भागाकारांच्या जागी एक. हा गुणाकार मुलाने स्वतः करून बघावा.

भागाकार न करता पण दाखवता येतं, आणि हे मला फार आवडतं. ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. आणि ६४१ = ६४० + १, म्हणजे ५ × २^७ + १. दुसऱ्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी "उणे १" समजायची. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण पहिल्यावरून ५^४ च्या जागी "उणे २^४" चालतं. ठेवून बघा, उणे २^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी ० . दहा अंकी संख्या पूर्ण लिहावी सुद्धा लागली नाही.

राहिला ६७००४१७. हा मूळ आहे का? वर्गमूळ २५८८ च्या आसपास, एरवी तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावायला लागल्या असत्या. पण ह्याचा कुठलाही मूळ अवयव २^३२ + १ ला पण भागणार, म्हणजे तोही १२८ च्या पटीत एक मिळवलेलाच असायला हवा. २५८८ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. पाच भागाकार करा, बाक्या येतील १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. कॉम्प्युटरने "मूळ आहे" असं सांगणं वेगळं आणि पाच भागाकारांनी स्वतःची खात्री पटणं वेगळं, माझा आग्रह दुसऱ्याचा असतो.

म्हणजे वहीत शेवटी हे लिहायचं:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

(२५७ आणि ६५५३७ मूळ आहेत हे मी वर नुसतं सांगितलं. २५७ साठी १३ पर्यंत तपासा, ६५५३७ साठी २५६ पर्यंत, किंवा वरचीच चक्राची युक्ती लावा, ती तिथेही चालते.)

एकदा अवयव मिळाले की बाकीचे गुणधर्म भराभर येतात. सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. कुठलाही विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा नाही एवढेच दोन पर्याय, म्हणून विभाजक २^७ म्हणजे १२८. कुठल्याच वर्गसंख्येने (१ सोडून) भाग जात नाही. सगळ्या विभाजकांची बेरीज ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८, ती आपल्या संख्येच्या साधारण १.७ पट भरते, परिपूर्ण संख्या व्हायला बरोबर २ पट लागली असती, म्हणजे परिपूर्ण नाही. तशीही विषम परिपूर्ण संख्या आजवर कोणालाच सापडलेली नाही.

आणि एक गोष्ट जी बहुतेक मुलांना खूप आवडते: ६४१ आणि ६७००४१७ बाजूला ठेवले तर उरलेल्या पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५ येतो. गाउसने १७९६ मध्ये, एकोणीस पूर्ण व्हायच्या आधीच, १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो हे दाखवलं, आणि त्याच सिद्धांतातून येतं की विषम बाजूंचा सुसम बहुभुज तेव्हाच काढता येतो जेव्हा बाजूंची संख्या फर्माच्या (म्हणजे वरच्याच साच्यातल्या) वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल. अशा मूळ संख्या आजही त्या पाचच माहीत आहेत. म्हणून आज माहीत असलेल्यांत विषम बाजूंचा सगळ्यात मोठा असा बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा. आपल्या पूर्ण संख्येएवढ्या बाजूंचा मात्र नाही काढता येत, ६४१ आडवा येतो.

आता सुरुवातीला म्हटलं ते, की हे "ह्या" संख्येबद्दल आहे. हे सगळं इतकं सुरळीत झालं कारण घातांक ६४ होता, परत परत अर्धा होणारा. हेच जर २^६७ − १ दिलं असतं? फक्त तीन पायऱ्या पुढे, २१ अंकी, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. पण ६७ ही मूळ संख्या आहे, सूत्राने कंस पडतच नाहीत. १६४४ मध्ये मर्सेनने ही मूळ म्हणून यादीत टाकली होती. १८७६ मध्ये लुकासने (परत तोच!) सिद्ध केलं की ती मूळ नाही, पण अवयव एकही हाती लागला नाही. अवयव मिळाले १९०३ मध्ये, अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोलला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. सांगतात की त्याने सभेत फळ्यावर एका बाजूला २^६७ − १ काढलं, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार केला, दोन्ही उत्तरं जुळली आणि एक शब्द न बोलता तो जागेवर जाऊन बसला. म्हणजे सत्तावीस वर्षं असं होतं की संख्या संयुक्त आहे हे पक्कं माहीत आणि अवयव एकही माहीत नाही. तुमच्या प्रश्नात "प्राइम आहे का" आणि "अवयव कोणते" हे एकाच दमात विचारलंय, पण मोठ्या संख्यांच्या बाबतीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा कितीतरी जड.

आणि घडण अजिबातच नसेल, कोणी मनाला येतील ते वीस अंक लिहून दिले असतील, तर मी सरळ कॉम्प्युटर घेतो. आधी छोट्या मूळ संख्या लावायच्या, मग मिलर-राबिन चाचणी, जी संख्या मूळ आहे की संयुक्त ते सांगते. एवढ्या मोठ्या संख्यांसाठी पाया म्हणून २ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या घेतल्या की उत्तर पक्कं असतं, "बहुधा" वगैरे नाही. संयुक्त निघाली तर पोलार्डची रो पद्धत, दहा अंकी अवयव असला तरी साधारण लाखाच्या घरातल्या पायऱ्यांत सापडतो. नुसता भागाकार करत गेलात तर वर्गमूळापर्यंत वीस कोटींहून जास्त मूळ संख्या आहेत, लॅपटॉपला ते पण जमतं, माणसाला नाही. तेव्हा सरांनी पुढच्या वेळी दुसरी संख्या दिली तर आधी एक मिळवून, एक वजा करून बघा, जवळ एखादा वर्ग, घन, मोठा घात सापडतो का. नसेल तर हाताने करायचा अट्टाहास नको.

मुलाला सरावाला २^४८ − १ द्या, म्हणजे २८१४७४९७६७१०६५५. मुद्दाम हीच निवडली कारण ती बरोबर १५ अंकी आहे, एक्सेलमध्ये नीट मावते, त्यामुळे त्याला उत्तर तिथेच पडताळता येईल. इथे घातांकात ३ पण आहे, म्हणून वर्गाच्या सूत्राबरोबर घनाचं सूत्रही वापरायला लागेल, ७ आणि १३ ज्यांनी मघाशी दाद दिली नाही ते इथे अवयव म्हणून येतील, आणि ३ दोनदा येईल, त्यामुळे विभाजक मोजताना "घ्यायचा किंवा नाही" हा हिशोब ३ साठी तसाच चालणार नाही, तिथे तीन पर्याय होतात. सगळ्यात त्रास २^२४ + १ देईल. तिथे घनाच्या सूत्राने पहिला तुकडा पाडा, त्यातला एक अवयव ह्याच उत्तरात वर येऊन गेलाय.